पारबतामावशी आणि चार नंबरची जागा

पारबतामावशी दगड उचलायची आणि परत ठेवायची. यात सांगण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. पण ती तो होता तसाच ठेवायची. जी बाजू खाली होती ती खाली, जे टोक प्रवाहाच्या वरच्या अंगाला होतं ते वरच्या अंगाला. ठेवून झाला की तळव्यानं एकदा दाबायची आणि म्हणायची, "राह्य बापा आता." नाल्यातल्या दगडांचं एक वेळ ठीक. पण आमच्या पाण्याच्या ड्रमाचं झाकण उडू नये म्हणून आईनं वर एक दगड ठेवला होता, तोही ती पाणी प्यायला आली की असाच निगुतीनं ठेवायची. आई एकदा हसून म्हणाली, "वं पारबता, ड्रमावर कोन राहते?" मावशी म्हणाली, "हाताले सवय राहू दे. ड्रमावर सुटली का नाल्यात सुटते."

मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला होते आणि आम्ही भिलाईहून उतईकडे जाणाऱ्या रस्त्याकाठच्या वस्तीत राहायचो. वस्तीत बहुतेक छत्तीसगढी माणसं, आणि आमच्यासारखी भंडाऱ्याकडून आलेली चार-दोन घरं. आई साकोलीकडची, मावशी लाखनीकडची. तेवढ्यावर दोघी बहिणी झाल्या होत्या. मावशी ढिवराची, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरातली, तलावांच्या मुलखातली. चालता यायच्या आधी पोहता यायला लागलं, असं ती सांगायची आणि त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही तर रागवायची. नवरा प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर होता, तो लवकर वारला. एकुलती मुलगी गोंदियाला दिलेली. मावशी एकटी राहायची. सकाळी नाल्यावर, दुपारी उतईच्या बाजारात, आणि बाजार नसेल त्या दिवशी दारोदार. तिच्याकडे मोठे मासे नसत. बोटाएवढ्या चांदीच्या रंगाच्या कोतऱ्या, थोडे झिंगे, कधी एखादा मिशीवाला टेंगना.

उंचीनं बुटकी, लुगड्याचा काचा गुडघ्याच्या वर खोचलेला, कमरेला बांबूची ढुटी बांधलेली. पकडलेले मासे त्या टोपलीत. हातात पेलना, म्हणजे बांबूच्या त्रिकोणी चौकटीला बांधलेलं जाळं. गुडाखू, म्हणजे तंबाखूची मिश्री, घासून घासून दात काळे झालेले, आणि तरी तोंड भरून हसायची. वस्तीतल्या छत्तीसगढी बाया तिला दाई, म्हणजे आई, म्हणायच्या. "दाई, आज का लाने हस?" असं विचारलं की ती झाकण उघडायच्या आधी उत्तर द्यायची, "लाया तो बहुत है, तेरे नसीब का कितना है वो देख." प्रश्न छत्तीसगढीत, उत्तर हिंदीत, आणि तेही मराठीच्या चालीवर.

ती मासे शोधायची नाही. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. ती नाल्यावर गेली की आधी दोन-तीन दगड पलटून पाहायची, खालच्या बाजूला काय चिकटलंय ते बघायची, आणि मग ठरवायची की इथे जाळं लावायचं की पुढे चालायचं. "मासा दिसाच्या आधी त्याचं जेवन दिसते," ती म्हणायची. दगडाखालच्या किड्यांना तिनं नावं दिली होती. वाळूचे कण जोडून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधणारा एक किडा असतो, त्याला ती गवंडी म्हणायची. तीन शेपट्या असलेली, चपटी, पळपळ करणारी ती तिशेपटी. आणि चिखलात राहणारी, लाल दोऱ्यासारखी अळी, तिला नाव नव्हतं. "थे कुठंही राह्यते. तिले काय नाव द्याचं?"

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण पुढे जे झालं त्यात मावशीचा काही दोष नव्हता.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी अजूनही छाती पुढे काढून सांगते. बाबांना सहीपुरतं लिहिता यायचं, आईला तेही नाही. मी दुर्गला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. आमचे सर म्हणाले, एखादा ओढा-नाला घे, त्यातल्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट किती आहे ते मोज, आणि पाण्यात ही खतं वाढली की मासे नि किडे कसे कमी होतात ते दाखव. मला लांब जायला बसभाडं आणि वेळ दोन्ही नव्हतं. मी आमचाच नाला घेतला. काठानं अर्जुनाची झाडं होती, तिकडे त्याला कहुआ म्हणतात, म्हणून तो कहुआ नाला.

नाल्यावर मी पाच जागा ठरवल्या. एक आणि दोन नंबर वर, वस्तीच्या आधी, जिथे पाणी चांगलं होतं. मग वस्तीचं सांडपाणी आणि धानाच्या शेतांतलं युरिया-डीएपीचं पाणी नाल्याला मिळायचं. त्याच्या खाली तीन, चार आणि पाच. तीन आणि पाचला नाला सरळ, तळ वाळूचा, डोक्यावर ऊन, पाण्यावर हिरवा तवंग. चार नंबर मधल्या वळणावर, मावशीच्या भाषेत मोडावर. तिथे तीन कहुआ वाकून उभे होते, त्यांची मुळं पाण्यात उतरलेली, तळाला गोटेच गोटे, आणि पाणी त्यांवरून खळखळत जायचं. ती मावशीची जागा.

मी बाटल्या घेऊन उभी राहिले की मावशीची चेष्टा सुरू व्हायची. "आली डब्बीवाली बाई!" मी नमुन्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि फॉस्फेट जास्त असलं की पाणी निळं व्हायचं. ती वाकून बघायची. "निळं झालं वं. आता याचं काय शर्बत करशीन?"

"निळं म्हणजे खत जास्त, मावशी."

"थे तं मले शेवाळावरूनच दिसून राहिलं. तुले डब्बी कावून लागते?"

किडे गोळा करायची रीत पुस्तकात दिली होती, पण ती मला मावशीनं शिकवली. जाळं प्रवाहात धरायचं आणि त्याच्या वरच्या अंगाला पायानं गोटे ढवळायचे, म्हणजे सुटलेले किडे वाहत जाळ्यात येतात. पुस्तकात याला मोठं इंग्रजी नाव होतं. मावशी त्याला नाचणं म्हणायची. मी जाळं धरायचे आणि ती कमरेवर हात ठेवून गोट्यांवर नाचायची, हसत हसत. नंतर ढवळलेले मोठे गोटे एकेक करून पुन्हा जागेवर बसवायची. मला घाई असायची. ती म्हणायची, "पाहुनं गेल्यावर घर तं आवरून देशीन का नाई?"

मोजायचं कामही तिनं मागून घेतलं. तिला अंक येत नव्हते. ती गमचा पसरायची, कनवटीच्या पिशवीतून चिंचोके काढायची आणि एका किड्याला एक चिंचोका अशा ओळी लावायची. गवंड्यांची ओळ वेगळी, तिशेपट्यांची वेगळी, गोगलगायींची वेगळी. मी नंतर चिंचोके मोजून वहीत लिहायचे. एकदा पडताळा म्हणून मी तिच्या मागे स्वतः मोजून पाहिलं. चूक निघाली, पण माझी.

एका सकाळी माझ्या वर्गातल्या तिघीजणी नाला बघायला आल्या. प्लांटच्या टाऊनशिपमधल्या, सेक्टरातल्या मुली, स्वच्छ बूट घातलेल्या. मावशी गमच्यापुढे उकिडवी बसून चिंचोके मांडत होती. तिनं मान वर करून म्हटलं, "वंदी, ह्या तिशेपट्या तं आज लय निंघाल्या, पाह्य." आणि मी, जी घरात मराठीशिवाय बोलत नव्हते, तिला हिंदीत म्हणाले, "मौसी, आप रहने दो। हम कर लेंगे।" मुलींनी विचारलं, "कौन है?" मी म्हणाले, "यहीं की है, मदद करती है।" मावशीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग चिंचोके गोळा केले, गमचा झटकला आणि पेलना उचलून पुढे गेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. त्याबद्दल तिनं कधीच काही काढलं नाही. तिनं काढलं असतं तर बरं झालं असतं.

सगळे आकडे हातात आले आणि मी आलेख काढायला बसले. आडव्या रेघेवर पाण्यातलं खत, उभ्या रेघेवर किती जातींचे जीव. एक, दोन वर. तीन, पाच खाली. सरळ उतरती रेघ, पुस्तकात असते तशी. आणि चार नंबर त्या रेघेच्या पार वर, एकटा, हवेत. पाणी तीन नंबरचंच, तेवढंच घाण, तेवढंच निळं. पण तीन नंबरला लाल अळ्यांशिवाय काही नव्हतं, आणि चार नंबरला गवंडी होते, तिशेपट्या होत्या, मुळांमध्ये झिंगे होते, कोतऱ्या होत्या.

मी मावशीला सांगितलं, "तुझी जागा माझा ग्राफ बिघडवते."

ती भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "मागं आमचं झोपडं पाडलं होतं, आठवते तुह्या मायले. राशन कार्ड होतं जवळ. तांदूळ भेटत होता, गहू भेटत होता. पन शिजवाचं कुठं? चूल कुठं मांडाची? तुह्या डब्बीत तांदूळ दिसते वं, चूल नाई दिसत." मग हातातली काडी दाखवत म्हणाली, "गोट्यावर पानी आपटते तं त्यात हवा जाते. झाडाची सावली हाय तं शेवाळ माजत नाई. मुळात लपाले जागा हाय. घान पान्यातबी गरीब मानूस राह्यतेच ना, घर असलं तं?"

आज मी हेच वर्गात शिकवते. पाण्यातलं पोषण एक गोष्ट आणि राहायची जागा दुसरी. दोन्ही वेगळ्या मोजाव्या लागतात, आणि चांगली जागा वाईट पाण्याचा मार काही अंशी झेलते. हे वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली. तिनं ते मेथीच्या काडीनं सांगितलं होतं.

पण तेव्हा मला तोंडी परीक्षेची भीती होती. बाहेरून परीक्षक येणार. त्यांनी बोट ठेवून विचारलं असतं, हा बिंदू असा का? ही गणना कुणी केली? मी काय सांगणार होते? एका निरक्षर बाईनं, चिंचोके मांडून? मला त्या उत्तराची लाज वाटली. एवढी एकच गोष्ट खरी आहे, बाकी सगळी मी नंतर जुळवलेली कारणं आहेत.

सरांनी विचारलं, "पाच जागा होत्या ना?"

"चौथीचा नमुना सांडला सर," मी म्हणाले.

नमुना सांडला नव्हता. तो मुरंब्याच्या बरणीत स्पिरिटमध्ये आमच्या घरी फळीवर होता. माझा आलेख चार बिंदूंचा झाला आणि रेघ सरळ आली. मला पहिला वर्ग मिळाला. बाबांनी वस्तीत पेढे वाटले. मावशीनं त्या दिवशी सगळे झिंगे आमच्या घरी आणून ओतले आणि म्हणाली, "माह्या चिंचोक्याले फस्ट क्लास भेटला!" मी हसले. पेढा तिच्या हातावर ठेवला.

त्या प्रबंधाच्या जोरावर मला एका सल्लागार कंपनीत नोकरी लागली. मी भिलाईतच स्मृति नगरात भाड्यानं घर घेतलं, आईबाबांना घेऊन आले. मावशी तिथेही यायची, दोन टमटम बदलून, ढुटी मांडीवर धरून. दोनेक वर्षांनी कंपनीकडे एक काम आलं: कहुआ नाल्याचं सौंदर्यीकरण. कंपनीत सगळ्यांना आनंद झाला, कारण त्या नाल्याचा अभ्यास आधीच झालेला होता. माझा. माझाच आलेख नव्या अहवालात गेला, खाली माझं नाव. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

अहवालात दोन शिफारशी होत्या. पहिली, वस्तीचं सांडपाणी आणि शेतांतून येणारं पाणी पाईपनं वेगळं काढायचं. ती योग्यच होती. दुसरी, नाला सरळ करायचा, तळातले दगड, मुळं, अडकलेली लाकडं काढायची, म्हणजे पाणी तुंबणार नाही. ही दुसरी मी लिहिली नव्हती. ती प्रत्येक नाल्याच्या अहवालात असतेच.

मावशीला बातमी वस्तीत कळली. ती आली, पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "वंदी, पाईप टाकून राहिले थे लय चांगलं. पन मशीन मोडावर नको येऊ देजो बापा. तुह्या कागदात लिहून दे का मोड सोडा. तू लिहिलं तं आयकतीन. तू शिकलेली हायस."

"पाहते मावशी."

"पाहते नाई. लिहितो म्हन."

"लिहिते," मी म्हणाले.

चार दिवसांनी बैठक होती. कामावरचे इंजिनीअर भला माणूस. नकाशावर बोट ठेवून त्यांनी मला स्वतःहून विचारलं, "मैडम, ये जो मोड़ है पेड़ों वाला, गाँव की एक बूढ़ी अम्मा रोज़ आके बोलती है इसको छोड़ दो। यहाँ कुछ है क्या? होगा तो इतना टुकड़ा छोड़ देंगे, हमको क्या है।"

खोलीत आठ-दहा माणसं होती. माझे साहेब होते. 'हो' म्हणायचं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग तुमच्या आलेखात का नाही? मी समोरचं पान उलटलं. त्या पानावर चार बिंदू होते.

"नहीं सर," मी म्हणाले, "डेटा में तो ऐसा कुछ नहीं है।"

त्यांनी बोट उचललं आणि पुढच्या मुद्द्याकडे गेले. एवढंच. तेवढ्यात झालं ते.

मशीन आलं तेव्हा मी तिथे नव्हते. आईला वस्तीतून फोन आला. दोन कहुआ पडले, एक वाचला. गोटे काठावर ढिगानं लागले. नाला सुरीनं कापल्यासारखा सरळ झाला, दोन्ही बाजूंना दगडी बांध, वर बाकडी. आणि सांडपाणी बंद झाल्यावर पाणी खरोखर स्वच्छ झालं. पुढच्या वर्षी मीच तपासणीला गेले. औषधाचे थेंब टाकले, पाणी जवळजवळ निळं झालंच नाही. फोटो काढले गेले. मी एका फोटोत आहे, बाटली हातात धरून हसताना.

जाळं घातलं. लाल अळ्यासुद्धा कमी होत्या. सपाट तळ, तापलेलं पाणी, कुठे आडोसा नाही, आणि बांधावर तीन बगळे उभे, दिसेल ते टिपायला. मासा आला तरी थांबणार कशाच्या आड?

मावशी झिंगे आणेनाशी झाली. बाजारात ती आता तलावाचे मासे दुसऱ्याकडून घेऊन विकायची. पण नाल्यावर जाणं सुटलं नाही. एका दुपारी मी स्कूटीवरून पुलावरून जात होते तेव्हा ती दिसली. डोक्यावर टोपली, टोपलीत काठावरच्या ढिगातले तीन-चार गोटे. ती पाण्यात उतरली, एकेक गोटा ठेवला, तळव्यानं दाबला, आणि पुन्हा वर चढली. मी गाडी थांबवली नाही. हेल्मेट होतं, तिला मी ओळखू आले नसेन. असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं.

दरवर्षी पावसाआधी सफाईवाले यायचे आणि तिनं लावलेले गोटे काढून टाकायचे. दरवर्षी ती पुन्हा लावायची. आईनं एकदा तिला झापलं, "पाय सुजून राहिले तुह्ये, आन तू गोटे वाहून राहिली! कोन हाय थे तुह्ये?" मावशी म्हणाली, "कोनी नाई वं. माह्यी चूक हाय, मी भरून राहिली."

ती वेडं बोलतेय असं आईला वाटलं. मलाही समजलं नाही. समजून घ्यायचा धीर झाला नाही, हे जास्त खरं.

मग तिचे पाय इतके सुजले की चालणं बंद झालं. गोंदियाची मुलगी तिला न्यायला आली. निघायच्या आदल्या दुपारी मी वस्तीत गेले. मावशी खाटेवर पडून होती, पाय उशीवर. मुलगी बाहेर सामान बांधत होती. मी खाटेच्या कडेला बसले आणि जे इतकी वर्षं गिळलं होतं ते बाहेर काढलं.

"मावशी, मी तुझी जागा कागदात लिहिली नाही. आधीही नाही, नंतरही नाही. चार नंबर मी काढून टाकला होता."

 मला वाटलं आता रागवेल, तोंड फिरवेल. मी तयार होते.

"काढून टाकला?" ती म्हणाली. "म्हंजे मोजनं चुकलं नोतं?"

"काय?"

"माह्यं मोजनं. कामावरच्या साहेबानं सांगतलं मले, मॅडमच्या कागदात मोडावर काईच नाई म्हून. म्या म्हटलं, म्याच चिंचोके मांडले होते. माह्यंच काई चुकलं असन, कमी मांडले असन. म्हून मोड गेला." ती कोपरावर उठायला लागली. "मंग बरोबर होतं का वं माह्यं?"

"बरोबर होतं मावशी. तुझंच बरोबर होतं."

"सगळ्या ओळी?"

"सगळ्या."

ती पुन्हा आडवी झाली आणि हसली, ते काळे दात सगळे दाखवून. "पाह्य बापा!" ती म्हणाली. बाहेर मुलीला हाक मारली, "शांते, आयकलं का? माह्यं मोजनं बरोबर होतं म्हनते वंदी!"

शांतेला काय कळणार होतं. ती दोरी ओढत म्हणाली, "हो आई, हो."

माझ्या अपराधाचं मावशीला काहीच वाटलं नाही. किंवा वाटलं असेल, पण त्याच्या आधी तिला आपलं ओझं उतरल्याचा आनंद झाला. सुजलेल्या पायांनी ती इतके उन्हाळे जे गोटे वाहत होती ते माझ्या खोटेपणाचे होते, आणि ती ते स्वतःची चूक समजून वाहत होती. तिनं मला शिवी दिली असती तर मी ती घेऊन घरी आले असते. तिनं शांतेला मला चहा पाजायला सांगितलं.

दीड महिन्यानं गोंदियाहून फोन आला. शांता म्हणाली, आई सकाळी गेली, झोपेतच. पिशवीत चिंचोके निघाले, ते काय करायचे? मी म्हणाले, ठेव. नंतर मागायला तोंड झालं नाही.

मी ती नोकरी सोडली, आता एका कॉलेजात शिकवते. मुलांना पाच बिंदूंचा आलेख काढून दाखवते आणि चौथा कुणी मोजला तेही सांगते. पण कंपनीला किंवा माझ्या सरांना मी आजवर लेखी कळवलेलं नाही. हे जे तुम्ही वाचताय ते पहिलं लेखी.

मागच्या महिन्यात कहुआ नाल्यावर गेले होते. उरलेल्या एका झाडाच्या पुढे छोटा पूल आहे. त्याच्याखाली सफाईवाल्यांचं मशीन पोचत नाही. तिथे सावलीत सात-आठ गोटे दिसले, ओळीनं बसवलेले, आणि त्यांवरून पाणी खळखळत होतं. कुणी लावले हे सांगायला नको. मी चप्पल काढून उतरले आणि कडेचा एक गोटा उचलून पलटला. खालच्या बाजूला वाळूच्या कणांची इवलीशी नळी चिकटलेली होती. एकच. बघता बघता तिच्या तोंडातून गवंड्यानं डोकं बाहेर काढलं.

मला इतका आनंद झाला की मी तो गोटा दोन्ही हातांत फिरवून फिरवून पाहिला, उजेडात धरला, मोबाईलवर फोटो घेतला. मग ठेवायला वाकले आणि तशीच थांबले. कोणतं टोक वरच्या अंगाला होतं? मी पाहिलंच नव्हतं. गवंडी आत शिरला. मी गोटा हातात धरून बराच वेळ पाण्यात उभी होते.